शेषराव आणि सोडियमचा चोक

धारणीच्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र मी शिकवते आणि प्रयोगशाळा शेषराव तायडे चालवतात. कागदोपत्री ते अटेंडंट. बावीस वर्षांपूर्वी दर्यापूरहून आले, शिक्षण दहावी, आणि आज कुठला स्क्रू किती पिळायचा हे त्यांना विचारल्याशिवाय आमचं पान हलत नाही. भिंगं पुसायला ते घरून जुन्या धोतराचं फडकं आणतात. ते कुणी टेबल पुसायला घेतलं तर दोन दिवस अबोला. माझाही स्वभाव तापट, त्यामुळे महिन्यातून एकदा आमची खडाजंगी ठरलेली.

यंदा प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठ दिवस आधी सोडियम दिव्याची पेटी जळाली. त्या पिवळ्या उजेडावर आमचे तीन प्रयोग चालतात. दिवा वाचला, पण त्याला वीज मापात देणारा चोक आत जळून कोळसा झाला. पुरवठादाराने हात वर केले. म्हणाला, तसला माल आता येत नाही. मग मी मर्क्युरी दिव्याच्या रिकाम्या पेटीत सोडियमचा दिवा बसवला. तिच्यातला चोक त्याला पुरेना. रस्त्यावरच्या सोडियम दिव्याचा आणून लावला, तर दिवा ढिम्म पेटेना. आमच्या दिव्याला पेटायलाच साडेचारशेच्या वर व्होल्ट लागतात, आणि पेटला की लगेच त्याला आवरावं लागतं.

तेवढ्यात विद्यापीठाचं पत्र आलं. उपकरणं चालू असल्याचं बुधवारी पाचपर्यंत कळवा, नाहीतर परीक्षा केंद्र अमरावतीला हलवू. आमचे विद्यार्थी अकरा. दहा जण कसेबसे गेले असते. दामिनी कासदेकर गेली नसती. तिचं बाळ तीन महिन्यांचं, अमरावतीत ओळखीचं कुणी नाही, आणि घरचे चार दिवस बाहेर पाठवायला तयार नाहीत. केंद्र गेलं की तिचं वर्ष गेलं, इतकं ते सरळ होतं.

शेषराव भाचीच्या लग्नाला मूर्तिजापूरला गेलेले. म्हणून रविवारी मीच पेटी घेऊन अकोल्याला गेले. जठारपेठेत अश्विन नावाचा वाइंडिंगवाला भेटला. त्याने माझे आकडे लिहून घेतले, दुपारभर बसून तांब्याच्या तारेचा नवा चोक गुंडाळला आणि दिवा जोडला. दिवा लागला, पण लालभडक. मी अर्ध्या मिनिटात बटण बंद केलं. पुन्हा लावला, पुन्हा लाल.

"सोडियमचा उजेड पिवळा असतो, मला शिकवू नका," मी त्याला सुनावलं. तो बिचारा एक शब्दही बोलला नव्हता. "चोक ठेवा तुम्हालाच, तांबं काढून घ्या त्याचं," असं म्हणून मी दिवा आणि पेटी उचलली आणि तणतणत बस गाठली.

बुधवारी सकाळी शेषराव कामावर आले. मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"लाल झाल्ता?"

"हो ना."

"मंग किती येळ ठेवला?"

"अर्धा मिनिट."

"काहून बंद केला मॅडम? थो आधी लालच लागते. दहा-बारा मिनिटानं पिवळा होते. तुमी यायच्या आधी वीस मिनिटं मी रोज लावून ठेवतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवा सुरू व्हावा म्हणून आत निऑन भरलेला असतो आणि निऑन लाल दिसतो, हे मीच दरवर्षी फळ्यावर लिहून देते. पण मी प्रयोगशाळेत पाऊल टाकेपर्यंत दिवा नेहमी पिवळा झालेला असायचा. लाल झालेला तो मी कधी पाहिलाच नव्हता.

अश्विनचा फोन लागेना. शेषरावांनी दिवा धोतराच्या फडक्यात गुंडाळला, पेटी काखोटीला मारली आणि अकोटमार्गे अकोल्याला जाणारी दहाची गाडी पकडली. मेळघाटच्या जंगलात त्यांच्याही फोनची रेंज गेली. मी दर पाच मिनिटांनी लावत होते. चोकचं तांबं निघालं असेल तर सगळं संपलं होतं, आणि ते माझ्या जिभेमुळे.

साडेचारला फोन वाजला. मी तो टेबलावर स्पीकरवर ठेवला. भोवती अकराही जण उभे, दामिनी बाळ खांद्यावर घेऊन.

"चोक हाय मॅडम. अश्विनभाऊनं खोलला नव्हता. म्हने, बाईचा राग उतरन, मंग येतीन. दिवा लावला. लाल झाला."

घड्याळ बघत आम्ही थांबलो. चार मिनिटं, सहा मिनिटं. पलीकडून अश्विनचा आवाज आला, "काका, थो लालच मारून राहिला. करतो बंद."

"हात लावू नोको बापा," शेषराव म्हणाले.

आठ मिनिटं झाली. "नारंगी होऊन राहिला," शेषराव म्हणाले. दहा मिनिटं, अकरा मिनिटं.

"मॅडम, अश्विनभाऊचा लाल शर्ट काळा दिसून राहिला."

पोरांनी जो गलका केला त्याने प्राचार्य धावत आले. निव्वळ पिवळ्या उजेडात लाल रंग काळा पडतो, हे अकराही जणांना पाठ होतं. दामिनी हसत होती आणि रडतही होती, आणि बाळ दचकून भोकाड पसरत होतं.

विद्यापीठाचा फॉर्म मी तिथेच भरायला घेतला. उपकरणे चालू : होय. केंद्र : धारणी. खाली तपासणाऱ्याचं नाव. दरवर्षी तिथे मी माझं नाव लिहीत आले होते. पाचला सात मिनिटं कमी असताना मी शेषराव किसनराव तायडे असं लिहिलं, आणि पुढच्या हुद्द्याच्या रकान्यात अटेंडंट लिहायला माझा हात काही धजेना.