गोगलगायींच्या शिकारीला हिंजवडीत

विश्रांतवाडीहून हिंजवडीला जायचं तर शिदोरी बांधून निघावं, असं आमचे हे म्हणतात. मी शिदोरीऐवजी मोरांब्याच्या रिकाम्या बरणीत घरच्या टाकीतले सहा मासे घेतले. शेंगदाण्याएवढे, पिवळे, अंगावर काळे ठिपके. दुकानात त्यांना ‘पी पफर’ म्हणतात. दिसायला गरीब, पण गोगलगाय दिसली की तिला शंखातून ओढून खातात.

आमची सुजाता नोकरीसाठी तिकडेच खोली घेऊन राहते. दोन महिने घरी आली नव्हती. ऑफिसच्या टाकीतले मासे गेले, नुसत्या गोगलगायी उरल्यात, असं ती फोनवर सहज बोलली आणि मला निमित्त सापडलं. खरं तर मला तिला डोळे भरून बघायचं होतं.

दुसऱ्या बसमध्ये करकचून ब्रेक लागला आणि ओंजळभर पाणी शेजारच्या तरुणाच्या पँटवर सांडलं. त्याने कानातली वायर काढली. “काकू, हे बाइट करतात?”

“माणसांना नाही.”

त्याने वायर परत कानात घातली. वाकडला बस इतकी रखडली, की त्याला छान झोप लागली.

कंपनीच्या फाटकावर पांढऱ्या मिशांचे रखवालदार होते, हिंजवडी गावातलेच. “मावशी, ह्यात काय हाय?”

“मासे.”

“जित्तं हाईत? मग लिवावं लागतंय. रिटर्नेबल, म्हंजी परत न्यायच्या बोलीवर, का कायमचं?”

मी तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक लिहिली. असं नेमकं विचारणारा माणूस मला आवडतो. “परतीच्या बोलीवर. नग सहा. मुलगी इथेच कामाला आहे.”

“मग सही पोरीची. तीस दिसांत भाईर बी तिनंच न्यायचं.”

सुजाता खाली आली. वाळली होती. मी बरणी पुढे केली.

“आई, कायमचे ठेव ना. कशाला एवढं फॉर्मल?”

“सही कर,” मी म्हटलं.

कॅन्टीनमध्ये गार इडली खाल्ली. मग मासे ऑफिसच्या टाकीत सोडून तिथेच उभ्या राहिलो. एका माशाने एक डोळा आमच्यावर, दुसरा गोगलगायीवर ठेवला आणि झडप घातली. सुजाता खळखळून हसली. माझा प्रवास तिथेच वसूल झाला.

घरी ह्यांनी विचारलं, “बरणी रिकामीच?”

“मासे परतीच्या बोलीवर ठेवलेत. महिन्याच्या आत सुजाता घेऊन येईल.”

वर्तमानपत्रातून डोकं न काढता हे म्हणाले, “तिला पाठवताना नाही सुचलं हे लिहून घ्यायचं.”

दुसऱ्या दिवशी मी माशांची टाकी घासून ठेवली आणि सुजाताची गादी उन्हात घातली.