खांद्यांवरच्या खाचा

"धरलाय की घट्ट!" सुनंदाताई म्हणाल्या. त्यांच्या करंगळी आणि अनामिकेच्या बेचक्यातला कागद मी हलकेच ओढला. तो अलगद सुटून आला. त्यांना कळलंही नाही.

मी कर्जतमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. सुनंदाताई जवळच्या चौक गावच्या. तिथल्या एका ढाब्यावर भाकऱ्या करतात. हाताला मुंग्या येतात म्हणून तीन आठवड्यांपूर्वी माझ्याकडे आल्या होत्या. आठवड्यापूर्वी उकळत्या डाळीचं पातेलं त्यांच्या हातून सुटलं होतं. पाय थोडक्यात वाचले.

"आमच्या आईला लकवा झाला तो बी हातापासनंच," त्या म्हणाल्या. "सात वर्षं अंथरुणात होती. माझं बी तेच होनार हाय का?"

मानेचा एमआरआय नॉर्मल होता. मी तीन आठवडे मानेचे व्यायाम देत होते आणि हातातली ताकद उतरतच चालली होती. आता मलाच भीती वाटू लागली. फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला गाठ असली, तरी हात असाच लुळा पडत जातो. हे त्यांना बोलले नाही. "छातीचा एक्स-रे काढून या," एवढंच म्हटलं. रिपोर्ट येईपर्यंत दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

एक्स-रे स्वच्छ निघाला. मग काय असेल?

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदाच ब्लाउज काढायला सांगितला. त्या बराच वेळ पदर धरून बसल्या. दोन्ही खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांनी बोटभर खोल, काळ्या पडलेल्या खाचा होत्या.

हाताकडे जाणाऱ्या नसा मानेतून निघून कॉलरबोनखालून जातात. स्तन फारच जड असले की खांदे पुढे आणि खाली ओढले जातात, वर पट्टी रुतते आणि नसा चेंगरतात.

"दोन्ही हातांनी छाती वर उचलून धरा," मी म्हटलं.

काही मिनिटांनी त्या म्हणाल्या, "मुंग्या कमी झाल्या!" आणि रडायलाच लागल्या. "हे कुनाला सांगायचं, मॅडम? डाक्टर सगळे बाप्ये."

नसांच्या तपासणीतही तेच दिसलं. रुंद पट्ट्यांच्या ब्राने थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. सर्जनने स्तन लहान करण्याचं ऑपरेशन सुचवलं.

"भूल दिल्यावर उठलेच नाय तर?"

"भीती वाटणारच. पण हात आणखी गेला तर परत येईलच असं नाही," मी खरं ते सांगितलं.

सासूबाईंनी लोक काय म्हणतील ते ऐकवलं. तरी सुनंदाताईंनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

आज त्या पुन्हा भाकऱ्या थापतात. करंगळीचं टोक मात्र बधिरच राहिलं. उशिराची किंमत.

तीन आठवडे मी मान तपासत राहिले, कारण मान उघडी असते.