गवईच्या कानातली शिटी

बाटल्या भरण्याच्या कारखान्यात तिला सगळे गवई म्हणत. पट्ट्यावरून सरकणाऱ्या काचेच्या बाटल्या तपासण्यात तिची बावीस वर्षं गेली होती, आणि तडा गेलेली बाटली तिला दिसायच्या आधी ऐकू यायची. "गवईनं बाजूला काढली ना? मग बघायचं कारण नाही," असं मुकादमच म्हणायचा.

गाणं काही ती माहेरून घेऊन आली नव्हती. ते दिलं सासूबाईंनी. लग्नानंतर महिनाभरात त्यांनी तिला भांडी घासताना गुणगुणताना ऐकलं आणि हात पुसायला लावून तानपुऱ्यापाशी बसवलं. तेव्हापासून रोज सकाळी पाऊण तास दोघी शेजारीशेजारी बसून गायच्या. मैफल नाही, टाळ्या नाहीत. नवरा त्या वेळात दाढी करायचा आणि तान घसरली की न्हाणीघरातून ओरडायचा, "पडलीस गं!" गाण्यातलं त्याला तेवढंच कळायचं.

मग एका मंगळवारी कामाची पाळी संपली, यंत्रं थांबली, आणि एक शिटी थांबलीच नाही. ती बसमध्ये आली, घरी आली, अंथरुणात आली.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "इतकी वर्षं त्या आवाजात काढलीत. आतल्या नसा दुखावल्यात. याला औषध नाही. सवय होईल."

"कधी?"

"काहींना होते," डॉक्टर म्हणाले.

शिटी बारीक होती, पण तिला पक्का सूर होता, आणि तो नेमका वाकडा बसलेला. तानपुरा छेडला की त्याचा षड्ज आणि ही शिटी एकमेकांना खरवडत, पाटीवर नख ओढावं तसं. तिला स्वतःचा गळाच खोटा वाटायला लागला. तिनं कापूस घालून पाहिला, तेल घालून पाहिलं, नळ सोडून त्याच्या धारेपाशी बसून पाहिलं. जेवताना नवऱ्याचा चमचा ताटलीवर वाजला म्हणून ताट ढकलून उठली. कारखान्यात तडकलेल्या दोन बाटल्या तिच्या हातून सुटल्या. मुकादमानं त्या स्वतः बाजूला काढल्या, ते जास्त लागलं. एकदा कामाला जाताना ती पुलाच्या कठड्याला धरून उभी राहिली. खालच्या गाड्यांचा आवाज शिटीहून मोठा होता, म्हणून बरं वाटत होतं. आपल्याला किती बरं वाटतंय हे ध्यानात आलं, तशी ती घाबरून तिथून पळत सुटली.

सासूबाईंना मात्र रोज नवी थाप. घसा बसलाय, आज कामाची पाळी लवकर आहे. शेवटी एकदा त्या शेजारणीकडे गेल्या असताना तिनं तानपुऱ्याच्या खुंट्या पिळून चारही तारा सैल सोडून दिल्या.

"तारा कोणी उतरवल्या?" सासूबाईंनी आल्याआल्या विचारलं.

"मी."

"का?"

"मला गाणं नको आता," ती म्हणाली, आणि मग तिला आवरेना. "आई, सतत वाजतंय कानात. आत्ताही वाजतंय. सात आठवडे झाले. मला नाही जगवत असं."

सासूबाईंनी तिला जवळ घेतलं नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. तानपुरा पुढ्यात ओढून त्या म्हणाल्या, "कुठला सूर?"

"काय?"

"ऐकू येतो ना? मग म्हणून दाखव."

तिनं चिडून, गळ्यात बसेल इतका खाली आणून, तो सूर लावला. सासूबाईंनी डोळे मिटले आणि सुजलेल्या बोटांनी तारा चढवायला घेतल्या. तासभर लागला. आधी तो सूर पंचम धरून पाहिला, तर तिचा गळा पार तळाला गेला. मग तोच षड्ज केला. दोघींच्या नेहमीच्या पट्टीहून बराच वर, पेटीच्या दोन पट्ट्यांच्या फटीतला.

"हं. लाव सा."

तिनं लावला. सात आठवड्यांत पहिल्यांदा शिटी तारेत शिरली आणि सापडेनाशी झाली. तिला रडू कोसळलं.

"रड, पण सुरात," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी साथीला तोंड उघडलं, पण ऐंशीच्या घरातला तो गळा तिथवर पोचेना, चिरकला. दोनदा पाहिलं. मग त्या नुसत्याच तारा छेडत राहिल्या. "मला नाही जमायचं तिथं यायला. तू जा."

शिटी काही गेली नाही. तानपुरा थांबला की ती दाराशी उभीच. गवईनं अर्ज करून खोकी बांधायच्या खोलीत बदली घेतली. तिथं आवाज कमी, त्यामुळे शिटी उलट जास्तच ऐकू येते. एखाद्या दिवशी शिटीच आपला सूर बदलते. मग जुळवता जुळवता तार तुटते, दोघी एकमेकींवर ओरडतात, आणि गाणं राहून जातं. सासूबाई त्या दिवसापासून एक सूरही गायलेल्या नाहीत.

परवा ती म्हणाली, "आई, आज तुमच्या पट्टीत लावू. मी सोसेन."

"तू सोसलेलं मला ऐकू येईल," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तार वर चढवली.