ताप नव्हता

रूथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी केडगावच्या घरी दुधावरची साय काढत होते. चमचा हातात तसाच राहिला... चारच दिवसांपूर्वी याच हाताने तिचे कपाळ चाचपून मी निर्वाळा दिला होता, "ताप नाही."

चर्चच्या गायकवृंदात आम्ही दोघी वर्षानुवर्षे शेजारी उभ्या राहिलो. तिचा आवाज खालच्या पट्टीचा, माठातल्या पाण्यासारखा गार. संधिवाताने बोटे वाकली, तेव्हापासून ती स्टेरॉइडच्या गोळ्यांवर होती. त्या गोळ्या सांध्यांतली आग शमवतात आणि त्याबरोबर शरीराची राखणही मंदावतात, हे आम्ही ऐकले होते. उमजले मात्र नव्हते.

त्या रविवारी उपासनेनंतर ती गळून गेलेली दिसली, म्हणून मी तिला घरी पोहोचवले. घशाशी बारीक खोकला अडकलेला. बेलापूरहून आलेल्या तिच्या सासूबाई म्हणाल्या, "अंग तापलंय का गं? न्हाई ना? मग लई घाबरायचं काम न्हाई. चार घास खाईना, म्हनून गळाटलीय." मी कपाळावर हात ठेवला. गारवा, किंचित घाम, निलगिरीचा वास.

"तुझा हात म्हणजे थर्मामीटर," रूथ पुटपुटली, "सेल मात्र तपासून घे."

सोमवारी दवाखान्यात जाऊ, असे ती म्हणत होती. ताप नाही, मग बुधवारी जाऊ, असे मीच म्हटले. मंगळवारी दुपारी तिला एक वाक्य पुरे करता येईना. दवाखान्यात नेले, तोवर दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया पसरला होता. डॉक्टर म्हणाले, "शरीर जंतूंशी लढतं तेव्हा ताप येतो. या गोळ्यांवरचं शरीर लढतंही कमी आणि सांगतंही कमी. जंतू मात्र थांबत नाहीत. अशा माणसाला नुसती धाप लागली, तरी त्याच दिवशी आणायचं."

"सोमवारी आणलं असतं तर...?"

"औषध लवकर सुरू झालं असतं." गुरुवारी ती गेली.

गेल्या आठवड्यात सरावाच्या वेळी तिचे गीतपुस्तक माझ्या हाती आले. ओळीत जिथे श्वास घ्यायचा, तिथे ती पेन्सिलीने बारीक उभी रेघ ओढत असे, आणि आम्ही साऱ्याजणी त्या रेघेशी थांबत असू. का, म्हणून कुणी विचारत नसे. जुन्या पानांवर ओळीला एकच रेघ आहे. त्या रविवारच्या गीतात मात्र प्रत्येक ओळीत तीन आहेत... तिच्या खांद्याला खांदा लावून, याच पानात पाहत, मी त्या तिन्ही रेघांशी थांबले होते, तिच्याबरोबर श्वास घेतला होता, आणि चाल किती सुंदर संथ झाली, म्हणून मनातून सुखावले होते.