स्प्लिट पिनच्या जागी तार

मुलुंडच्या ज्या कारखान्यात माझी सगळी नोकरी झाली, तिथे लोखंडी पाइप व्हायचे. पाइप भरलेल्या वॅगनी रेल्वेच्या यार्डात नेऊन सोडायच्या आणि तिथून रिकाम्या परत आणायच्या, हे काम एका लहानशा डिझेल इंजिनाकडे होतं. कारखान्यापासून यार्डापर्यंत जेमतेम पाऊण मैल रूळ. कारखाना आग्रा रोडला लागून उंचावर, यार्ड खाली. त्यामुळे भरलेल्या वॅगनी उताराने जायच्या आणि रिकाम्या चढाने यायच्या. वाटेत एका गल्लीचं फाटक होतं, तिथे आमचाच एक माणूस झेंडी घेऊन बसायचा.

मी लागलो तो कॉम्प्रेसरवर, फिटर म्हणून. साठ-सत्तरच्या मधली गोष्ट. लग्नाला दोन वर्षं झाली होती, भांडुपला चाळीत खोली होती. एक दिवस फोरमनने बोलावून सांगितलं, "इंजिनाचा ड्रायव्हर वर्षभरात रिटायर होतोय. उद्यापासून तू त्याच्या हाताखाली."

ड्रायव्हर मालवणकडचे. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणू लागलो. काटक माणूस, बोलणं कमी. पहिल्या दिवशी त्यांनी मला इंजिनाभोवती दोनदा फिरवलं आणि विचारलं, "काय दिसला?"

मी म्हटलं, "फार लहान आहे."

"लहान आसा म्हणानच आजून चलता," ते म्हणाले.

खरंच लहान होतं. चार चाकं, सात-आठ टन वजन, पुढे पत्र्याच्या झाकणाखाली चार सिलिंडर, मागे उभं राहून चालवायची उघडी केबिन. इंग्रजांच्या वेळी बोटीने आलेलं. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये जायची आणि तिथून चाकांपर्यंत साखळीने, सायकलला असते तशी, फक्त मनगटाएवढी जाड. एक साखळी गिअरबॉक्सकडून एका आसाला, दुसरी त्या आसाकडून दुसऱ्या आसाला. ब्रेक हाताचा. केबिनमध्ये एक उभं चाक होतं, ते फिरवत नेलं की ठोकळे रुळावरच्या चाकांवर दाबले जायचे.

त्याला बॅटरी नव्हती, सेल्फ नव्हता. सुरू व्हायचं ते दाबलेल्या हवेवर. केबिनजवळ हवेची लोखंडी बाटली होती. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, हाताने फिरवून खुणेवर आणायचं, म्हणजे एक पिस्टन वरून जरासा खाली झुकलेला असतो. मग बाटलीचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडायचा. हवा त्या पिस्टनला धक्का मारायची, फ्लायव्हील वळायचं, दोन-तीन काळे भपके निघायचे आणि इंजिन ठकठक करत लागायचं. ही हवा इंजिन स्वतःच भरून ठेवायचं. संध्याकाळी बंद करण्याआधी एका सिलिंडरचं डिझेल तोडून त्याच्याकडून बाटली भरून घ्यायची.

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी मी बाटली भरायला विसरलो. सकाळी व्हॉल्व्ह उघडला तर नुसतं फुस्स.  काकांनी पुढचं लांब हँडल काढून माझ्या हातात दिलं, स्वतः सिलिंडरवरच्या चिमट्या उघडून उभे राहिले आणि म्हणाले, "फिरव." चिमट्या उघड्या असल्या की आत दाब बसत नाही, म्हणून हाताने फिरवता येतं. वेग आला की चिमटी पाडायची. पाऊण तास फिरवलं तेव्हा लागलं. संध्याकाळी जेवताना मला घास उचलेना. पुन्हा कधी विसरलो नाही.

सहा-सात महिन्यांत चालवणं माझ्याकडे आलं. काका उताराला इंजिनात बसायचे नाहीत. वॅगनीच्या बाजूने चालत यायचे. प्रत्येक वॅगनीला खाली, चाकांच्या बाजूला, एक लांब दांडा असतो. तो दाबून खीळ घातली की तिचा ब्रेक लागतो. दोन भरलेल्या वॅगनी असल्या की एकीचा दांडा उतार लागायच्या आधीच दाबून ठेवायचा, दुसरी मोकळी ठेवायची आणि इंजिन पहिल्या गिअरमध्ये घालून सावकाश उतरायचं. गिअरमधलं इंजिन साखळीतून चाकांना धरून ठेवतं. हा सगळा हिशेब त्या साखळीवर होता.

दर सोमवारी साखळीचं झाकण काढून बघणं माझं काम. एका सोमवारी बघतो तर जोडकडीची स्प्लिट पिन गेलेली. जोडकडी म्हणजे साखळी काढता-घालता यावी म्हणून ठेवलेली एक सुटी कडी. तिचा खिळा बाहेर येऊ नये म्हणून आरपार ही दुपाती पिन घालतात. बोटाएवढी वस्तू. स्टोअरला गेलो तर स्टोअरकीपर चहाला गेलेला. यार्डातून वॅगनी मागवल्याचा निरोप आला होता. मी तारेचा तुकडा घेतला, भोकातून ओवला, पिळा मारला आणि झाकण लावून टाकलं. दुपारी पिन आणून घालू, असं ठरवलं. दुपारी दुसरं काम निघालं. मंगळवारीही गेलो नाही. बुधवारी तर माझ्या लक्षातच नव्हतं.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला दोन भरलेल्या वॅगनी घेऊन उतरत होतो. इंजिन पुढे, वॅगनी मागे. फाटक दोनशे पावलांवर असेल. खालून खडखड आवाज आला, मग फाडकन काहीतरी तुटल्यासारखं झालं, आणि इंजिन एकदम हलकं होऊन जोरात पळायला लागलं. चाकं त्याच्या हातातून सुटली होती. मागून वॅगनींचा धक्का बसला.

मी ब्रेकचं चाक जीव खाऊन फिरवलं. चाकं जाम झाली आणि रुळावर घसरायला लागली. घसरणारं चाक थांबवत नाही, हे काकांनी शंभरदा सांगितलेलं. पण तेव्हा उलट फिरवायला हात तयार होईना. मागून काका ओरडले, "सोड! सोड आनी वाळू घाल!" मी अर्धा फेरा सैल केला, चाकांपुढच्या वाळूच्या पेटीची कळ ओढली. रुळावर वाळू पडली, चाकं पुन्हा फिरायला लागली, मग परत आवळलं. वेग थोडा कमी झाला, पण थांबायची चिन्हं नव्हती.

मागे वळून पाहिलं तर काका मोकळ्या वॅगनीच्या बाजूने धावत होते. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पायात चपला. त्यांनी दांडा दोन्ही हातांनी पकडला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. दांडा उसळून वर आला, त्यांना घेऊन. ते पडले नाहीत. तसेच फरपटत पुन्हा त्यावर चढले आणि या वेळी तो खाली बसला.

फाटकवाला लाल झेंडी घेऊन गल्लीतल्या लोकांना मागे रेटत होता. खाडीकडच्या कोळीवाड्यातली एक बाई रोज त्या वेळेला मासे घेऊन वरच्या वसाहतीकडे जायची. ती रुळाच्या मधोमध होती. आमचा आवाज ऐकून तिने पाटी तिथेच टाकली आणि उडी मारून पलीकडे गेली. आम्ही फाटक ओलांडून एका वॅगनीभर पुढे जाऊन थांबलो. पाटीवरून चाकं गेली होती. रुळात मांदेली पसरली होती.

 मी खाली उतरून बाईजवळ गेलो आणि काहीतरी बोलायला लागलो. तिने मला थांबवलं. "पाटी गेली ती गेली रं. तुमचा म्हातारा बग आदी. त्याचा हात बग."

काकांच्या उजव्या तळहाताची कातडी सोलून निघाली होती. ते दुसऱ्या हाताने ती दाबून धरून इंजिनाखाली वाकून बघत होते.

दुपारी मॅनेजरच्या केबिनमध्ये चौकशी झाली. काकांच्या हाताला पट्टी. मॅनेजरने विचारलं, "साखळी शेवटची कोणी तपासली?"

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "मी. सोमवारी बघूची होती, ऱ्हवली माझ्याकडून."

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिलो. का राहिलो, हे सांगण्यासारखं काही नाही. घाबरलो होतो. घरी बायकोला पाचवा महिना होता, नोकरी गेली तर काय, एवढंच डोक्यात होतं.

बाहेर आल्यावर शेडमध्ये काकांनी डाव्या हाताने खिशातून तारेचा तुकडा काढला आणि बाकड्यावर ठेवला. पिळा उलगडलेला, टोक चमकत होतं.

"साखळीच्या डब्यात गावली," ते म्हणाले.

"काका, मी घातली होती."

"माका म्हायत आसा. झाकण कोण लायता ता माका म्हायत नाय? आता ता इसर. माका चार म्हयने ऱ्हवले. तुका तीस वर्सां काढूची आसत."

रात्री बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्यांच्या जागी आपले बाबा असते तर?" तिचे वडील गिरणीत होते. 

सकाळी शेडमधल्या बाकड्यावरचा तारेचा तुकडा उचलून मी थेट मॅनेजरकडे गेलो, तो त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सोमवारपासूनचं सगळं सांगितलं. त्यांनी तार उचलून उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "काल का नाही बोललास?"

"भीती वाटली, साहेब."

मला पंधरा दिवस घरी बसवलं आणि लेखी ताकीद दिली. काकांना खोटं सांगितल्याबद्दल वेगळी ताकीद मिळाली. तीस वर्षांच्या नोकरीतली पहिली.

पंधरा दिवसांनी कामावर गेलो तर काका माझ्याशी बोलेनात. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्यांना राग आला होता. इशारे करून काम सांगायचे, जेवायला वेगळे बसायचे. तीनेक आठवडे असेच गेले. एकदा मी धीर करून विचारलं, "काका, माझं काय चुकलं?"

"तुजा काय चुकला नाय," ते इंजिनाचं तेल बघत म्हणाले. "पण मी बोललंय ता तू फुकट केलंस. लोकांत माका खोटो पाडलंस." मग त्यांनीच विचारलं, "बायल कशी आसा?"

"बरी आहे. सातवा लागला."

"तिका डोंगरपायथ्याक पाठव नको आता. गाडीत धक्के लागतत." माझं सासर ठाण्याला येऊरच्या डोंगराखाली होतं, ते त्यांना ठाऊक होतं हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवसापासून पुन्हा एकत्र जेवू लागलो.

निवृत्तीच्या दिवशी कँटीनमध्ये हार घातला, मॅनेजर चार वाक्यं बोलले.  महिन्याभरात काका गावाला गेले. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांच्याकडून एसटीने काजूची पिशवी आली, आत चिठ्ठी वगैरे काही नव्हती.

पुढे सात-आठ वर्षं ते इंजिन मी चालवलं. मग माल ट्रकने जायला लागला आणि फाटक बंद झालं. मला परत कॉम्प्रेसरवर पाठवलं, आणि उरलेली नोकरी तिथेच झाली.