करावेच्या हिराबाईला नानकटाई

पावसाळाभर करावेची हिराबाई गप्प होती. म्हणून दिवाळीच्या तोंडावर नानकटाईचा डबा भरला आणि खारघरहून निघाले.

हिराबाईला मी कधी पाहिलेलं नव्हतं. मी ब्लॉग लिहिते. शिक्षण चौथी, टाइप एका बोटाने. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जे भाजलं गेलं ते त्यात लिहिते. प्रत्येक लेखाखाली ‘हिराबाई, करावे’ या नावाने ती चूक काढायची आणि शेवटी एक गोड वाक्य लिहायची. आधी चापट, मग पाठीवर हात. बाकीचे ‘मस्त आजी’ लिहून पळतात. चुका काढणारं माणूस गप्प झालं, तर काहीतरी बिघडलंय असं समजावं. सून म्हणाली, “आई, ऑनलाइनवरच्या माणसांच्या घरी असं कोणी जातं का?”

म्हटलं, “मी जाते.”

साताऱ्याकडे आमच्या लहानपणी मैदा, तूप, साखर घरून घेऊन जायचं आणि गावच्या बेकरीतून नानकटाई भाजून आणायची, अशी रीत होती. सगळ्यांचे पत्रे एकाच भट्टीत जायचे. अदलाबदल झाली की बायकांची भांडणं. म्हणून प्रत्येक घराचा ठसा वेगळा. आमचा शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानाचा. आता ओव्हन घरातच आहे, अदलाबदल कोणाशी होणार? तरी अंगुस्तान दाबल्याशिवाय ती नानकटाई आपली वाटत नाही.

बसने बेलापूरपर्यंत आले. पुढे रिक्षा केली. एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला खाडी. ओहोटी होती. कांदळवनाच्या मुळाशी चिखल चकाकत होता आणि बगळे त्यात पाय जपून टाकत होते. मी तेच बघत बसले आणि गतिरोधकावर डबा मांडीवरून उडाला. झाकण एकीकडे, वरच्या काही नानकटाया दुसरीकडे.

रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. “आजी, खाली पडलेली देवाला चालत नाय. मला चालेल.”

दोन त्याला दिल्या. तोंडात घातल्यावर म्हणाला, “घरची हाय.” तेवढ्यावर मी खूश. भाड्यात मात्र एक रुपया सोडला नाही त्याने.

करावे गाव टॉवरांच्या मधोमध अजून आपल्या जागी आहे. गल्ल्या अरुंद, वर चार-चार मजले, खाली ओट्यावर सुकत घातलेलं म्हावरं (मासे). देवळापाशी एक बाई बोंबील उलटत होती. तिला विचारलं, “हिराबाईचं घर कुठं?”

“कंची हिराबाई? गावान चार हायत.”

“चुका काढते ती.”

“मंग ती मागच्या आळीची!” बाई हसली. लगेच गंभीर झाली. “पन आता नाय काढत. जा, भेट तिला. बरं वाटेल.”

दार उघडंच होतं. समोर भिंतीवर एका माणसाचा फोटो, त्याला ताजा हार. मी उंबऱ्यातच थांबले. ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलं, तिथे मी दिवाळीचा गोड डबा घेऊन उभी. डबा पदराआड घेतला.

आतून माझ्याच वयाची, बारीक अंगाची बाई आली. “कोन गो?”

“खारघरची. नानकटाईवाली.”

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मोबाईलमधल्या फोटोपेक्षा जाडी हायस.” मग म्हणाली, “डबा कयाला लपवतेस? या वर्षी आमच्याकडं कढई चढत नाय. लोकांनी आनलेलं चालतं. आन इकडं.”

चहा झाला. मी सरळ विचारलं, “लिहायचं का सोडलंस?”

“मना कुठं लिवता येतं? शाळंची पायरी नाय चढले.” तिने फोटोकडे हनुवटी केली. “ह्ये वाचून दाखवायचे. मी चूक सांगायची, ह्ये लिवायचे.”

“आणि शेवटचं गोड?”

“कंचं गोड?”

मी मोबाईल काढला, चष्मा लावला आणि वाचलं. “‘तूप फेसल्याशिवाय मैदा घालू नये. साताऱ्याच्या बायकांना घाई फार.’”

“ह्ये माजं!”

“‘पण लिहिणं छान आहे, ताई. काल घरी केली. मी सहा खाल्ल्या.’”

“सहा?” ती ताडकन उठली आणि फोटोसमोर जाऊन उभी राहिली. “मना दोन सांगितल्या व्हत्या! साखर असून सहा?”

मला हसू आवरेना. तीही हसली, मग तोंडाला पदर लावून खाली बसली. पदराआडूनच म्हणाली, “आनखी वाच. त्यांचं त्यांचं वाच.”

मी सगळं वाचलं. ‘ह्ये माजं’, ‘ह्ये त्यांचं’ असं ती बोटाने वेगळं करत गेली. शेवटच्या निरोपापाशी आले. रवा घालू नका, हे तिचं होतं. खाली त्यांनी लिहिलं होतं: ‘ताई, लिहीत राहा. तुमचं वाचायला घेतलं की हिरा हातातलं काम टाकून माझ्याजवळ येऊन बसते.’

“पुन्यांदा वाच,” ती म्हणाली.

पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा. तिने डबा उघडला, एक नानकटाई ताटलीत घेतली आणि फोटोपुढे ठेवली.

“एकच,” ती त्याला म्हणाली. “गप खा.”

निघताना मी म्हटलं, “आता मी फोन करून वाचून दाखवीन. तुझा नंबर दे.”

“आनि चूक काढली तं?”

“काढ. नाहीतर फोन कशाला करू?”

परतीच्या बसमध्ये डबा रिकामा नव्हता. तिने त्यात तांदळाच्या दोन भाकऱ्या घालून दिल्या, रिकामा डबा परत देत नाहीत म्हणून. खाडीत तोवर पाणी भरलं होतं.

मी आजवर फार आखडतं लिहीत आले. साहित्य, कृती, संपलं. लोकांना स्वयंपाक उरकायचा असतो, असं मला वाटायचं. आता जरा लांबवून लिहिणार आहे. कुठल्यातरी घरात कोणी कोणाला वाचून दाखवत असेल, तर त्यांना तेवढा वेळ जवळ बसायला मिळू दे.