रिपोर्ट नॉर्मल आल्याचे पेढे

उशिरा लिहितोय, माफ करा. सकाळपासून ही पोस्ट तीनदा लिहून पुसली.

माझा भाचा प्रशांत मेला, त्याच आठवड्यात मी त्याचे पेढे वाटले होते.

आज वर्ष झालं.

जळगावला औषध कंपनीत एमआर होता, डॉक्टरांकडे फिरायचा. सावदा, जामनेर, धुळे, सगळं बाईकवर. टार्गेट पूर्ण केलं की पुढचं मोठं.

धुळ्यात देवपूरला माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "मामा, झोपीसन उठस तरी थकेलच उठस."

मी घाबरलो. रक्त, लघवी, ईसीजी, सगळं तपासलं. सकाळ-संध्याकाळ दृष्टही काढली.

रिपोर्ट नॉर्मल आले. मी गल्लीभर पेढे वाटले.

प्रशांत पेढा हातात धरून रडायला लागला.

"अरे येडा, बठ्ठं नॉर्मल शे, मंग काय रडस?"

"काहीतरी निंघाले पाहिजे व्हतं, मामा. साहेब इचारस, आजारनं नाव काय?"

मी त्याची पाठ थोपटली. म्हणालो, "तुले काही व्हयेल नही. जाय कामले."

गेला. भर दुपारी, सरळ रस्त्यावर, गाडी चालवताना त्याचा डोळा लागला. समोर कोणीच नव्हतं.

आता सून मोबाईलवर वाचून दाखवते, कामानं असं थकून जायला बर्नआऊट म्हणतात. आजार म्हणायचा की नाही, यावर मोठ्या लोकांचा वाद चालू आहे.

मी सातवी शिकलेला. मला वादातलं कळत नाही.

पण साधा ताप असता तर मी गाडीची चावी लपवली असती. एवढंच कळतं.

लोक म्हणतील, थकव्यालाही आजार धरलं तर उद्या सगळेच सुट्टी मागतील.

मागू द्या ना.

प्रशांत, बेटा, आता तुला कोणी उठवणार नाही. झोप.

आणि भूषण, तू त्याचा धाकटा भाऊ, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितो. परवा पुण्याहून फोनवर म्हणालास, "मामा, कामात जीवच लागत नाही." आणि मी पुन्हा तसंच झटकून टाकलं, "बठ्ठासनं असंच ऱ्हास."

फोन ठेवला आणि लगेच परत लावला. तेव्हापासून तू उचलत नाहीस.

मीटिंगमध्ये असशील. रागावला असशील तरी चालेल.

रिपोर्ट नको, आजाराचं नाव नको. तसाच घरी ये.

हे वाचलंस की खाली नुसतं "हो मामा" लिही. मोबाईल हातातच धरून बसलोय.